पहिल्या विहिरीची जोखीम

नगर जिल्ह्यात भू-औष्णिक ऊर्जेचा विषय काढला की ऐकणारा हमखास पायाखालच्या काळ्या कातळाकडे बोट दाखवतो. हा सगळा मुलूख लाव्हारसाचा, मग खाली आग असणारच, असा त्याचा तर्क असतो. शाळेत भूगोलाच्या तासाला दख्खनचं पठार ज्वालामुखीतून झालं एवढंच पक्कं डोक्यात बसतं आणि काळाचा हिशेब सुटून जातो. तो लाव्हा वाहिला त्याला आता सुमारे ६.६ कोटी वर्षं झाली. थरांवर थर पसरले आणि थिजले. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि कळसूबाईचा माथा त्यातूनच घडले, पण त्या आगीची ऊब कधीच निघून गेली. आज या काळ्या कातळाखाली, म्हणजे बेसाल्टखाली, जी उष्णता आहे ती पृथ्वीच्या पोटातून सावकाश वर झिरपणारी, आणि खालच्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून तयार होणारी. ती जगात सगळीकडेच आहे. प्रश्न असतो ती किती खोलवर आणि किती दाट मिळते याचा.

दख्खनच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी हाती आलं आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट संपून खालचा पायाखडक लागला. पुढे कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं आणि कऱ्हाडला त्यासाठी प्रयोगशाळाच उभी केली. भूकंप समजून घेण्यासाठी केलेल्या या कामाने उष्णतेचाही अंदाज दिला. दख्खनमध्ये जमिनीतून वर येणारा उष्णतेचा प्रवाह दर चौरस मीटरला साधारण ४० मिलिवॉट, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कमीच. खोलीचा हिशेब मांडला तर तीन किलोमीटरवर तापमान फार तर ८०-९० अंश सेल्सिअस भरतं.

यावर कुणी म्हणेल, अलास्कात चेना नावाच्या ठिकाणी ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज तयार होते आहे, मग ८५ अंशांवर का होणार नाही? चेना खरंच आहे. तिथे गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाची वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवतात. पण ती वाफ पुन्हा थंड करायला चेनाला चार अंशांचं बर्फाळ पाणी मिळतं. उष्णतेचं इंजिन गरम आणि थंड यांच्यातल्या अंतरावर चालतं. वैशाखात पारनेर-कर्जतला सावलीत चाळीस अंश असताना ते अंतर दोन-तृतीयांशाच्या घरात येतं, आणि हाती आलेल्या थोड्याशा विजेतली बरीचशी पंपातच खर्ची पडते. शिवाय चेनाचं गरम पाणी उथळ जागीच सापडलं. आपल्याला ते तीन किलोमीटर खोदून आणावं लागेल. म्हणून पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगतो: नगर जिल्ह्याने आपल्या जमिनीत भू-औष्णिक वीज शोधू नये. तरीही हा विषय नगरच्या माणसाने मनावर घ्यावा असं मला वाटतं, कारण या विषयातली खरी अडचण काय आहे हे त्याच्याइतकं कुणाला कळणार नाही.

ती अडचण म्हणजे बोअर.

आपल्याकडे शेतकरी बोअर घेतो ते एकदा पाहावं. आधी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून किंवा कडुनिंबाची दुबेळकी धरून वावरात फिरतो आणि एका जागी थांबतो. तिथे कुंकू लागतं, नारळ फुटतो. मग बोअरची गाडी आणि कॉम्प्रेसर, बहुतेक वेळा रात्रीच. दर फुटावर ठरलेला. पहिल्या शंभर फुटांत मुरूम आणि केसिंगचा खर्च, मग काळा पाषाण. छिद्रातून कोरडा पांढरा फुफाटा उडत राहतो, बांधावरची माणसं धुळीने भरून जातात, आणि प्रत्येक नव्या पाइपाला मालक मनातल्या मनात रक्कम वाढवत असतो. तीनशे फुटांवर गाडीवाला विचारतो, थांबायचं का अजून टाकायचा? इथे थांबलं तर आतापर्यंतचे पैसे गेले, पुढे गेलं तर आणखी जातील. फुफाटा ओला झाला की सगळं वावर हसतं. नाही झाला तर गाडी पैसे मोजून घेऊन पुढच्या गावाला जाते, आणि सोसायटीचं किंवा सावकाराचं कर्ज मागे राहतं. जमिनीखाली काय आहे ते खोदल्याशिवाय कळत नाही आणि खोदायला लागणारा पैसा कळण्याच्या आधीच द्यावा लागतो. ही सारी जोखीम एका घराच्या अंगावर असते.

भू-औष्णिक वीजकेंद्राचं अर्थकारण नेमकं इथेच अडतं, फक्त आकडे कोटींत जातात. एकदा वाफ सापडली की पुढे कोळसा आणायचा नाही, पावसाची वाट पाहायची नाही. असं केंद्र वर्षातला ऐंशी-नव्वद टक्के वेळ पूर्ण क्षमतेने चालू शकतं आणि त्याला जागाही थोडी लागते. पण सापडेपर्यंतचा सगळा खर्च उघड्यावरचा. जागतिक बँक गटाच्या आयएफसीने २०१३ साली जगभरातल्या अशा विहिरींचा हिशेब मांडला. शोधाच्या टप्प्यावर दहापैकी सुमारे सहाच यशस्वी ठरल्या होत्या. कोणती बँक दहातल्या चार फेल जाणाऱ्या खड्ड्यांना कर्ज देईल? सौरऊर्जेला बँका रांग लावतात, कारण सूर्य कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं.

ज्या देशांनी ही अडचण ओलांडली त्यांनी ती कशी ओलांडली याकडे पाहिलं पाहिजे. केनियात नैवाशा तळ्याजवळच्या ओल्कारियाला पहिली विहीर खोदली गेली १९५६ साली. वीज निघाली १९८१ मध्ये, ती १५ मेगावॉट. मध्ये पंचवीस वर्षं गेली. त्या देशाने हा नाद सोडला नाही. २००८ मध्ये तिथल्या सरकारने एक वेगळी सरकारी कंपनी काढली. तिचं मुख्य काम म्हणजे सरकारी पैशाने विहिरी खोदायच्या, वाफ सापडली की ती वीजकंपन्यांना विकायची, आणि नाही सापडली तर तोटा सोसायचा. आज केनियाच्या एकूण विजेत भू-औष्णिक विजेचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आइसलंडने तर निधीच असा काढला की विहीर लागली तर कर्ज फेडायचं आणि कोरडी गेली तर ते माफ. बाजाराची स्तुती करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की या क्षेत्रात खासगी भांडवल दुसऱ्या विहिरीला येतं. पहिली विहीर जनतेच्या पैशानेच खोदावी लागते.

आणि हे आपल्याला नवीन नाही. ओल्कारियात पहिलं छिद्र पडलं त्याच १९५६ साली आपल्याकडे तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, स्थापन झाला. कुठल्या परदेशी कंपनीने भरवसा दिला म्हणून नव्हे, तर देशाने ठरवलं म्हणून. कोरड्या विहिरींचा खर्च सरकारी तिजोरीने सोसला आणि १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर समुद्राखाली तेल शोधलं. ‘बॉम्बे हाय’ हे सरकारने उचललेल्या जोखमीचं फळ आहे. तेलासाठी जे केलं ते उष्णतेसाठी का केलं नाही, हा माझा खरा प्रश्न आहे.

कारण शोध आपणही वेळेत सुरू केला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातल्या उष्ण झऱ्यांची पद्धतशीर नोंद केली. लडाखच्या पुगा खोऱ्यात १९७० च्या दशकातच छिद्रं घेतली, त्यातली सर्वांत खोल चारशे मीटरच्या आत, आणि तेवढ्यातच १४० अंशांपर्यंत तापमान मिळालं. छत्तीसगडच्या तातापानीत नव्वदीच्या वरचं पाणी जमिनीतून आपोआप उसळतं. हिमाचलातल्या मणिकरणला एक लहानसा प्रायोगिक वीजसंच बसवून झाला. शोध सुरू झाल्यापासून अर्धं शतक गेलं तरी देशात व्यापारी तत्त्वावर चालणारं एकही भू-औष्णिक वीजकेंद्र नाही. मधल्या काळात एक आकडा मात्र कागदांतून फिरत राहिला: भारताची क्षमता १०,६०० मेगावॉट. तो मला धोक्याचा वाटतो. जगातली सगळी भू-औष्णिक केंद्रं मिळून आज साधारण १६-१७ हजार मेगावॉटची आहेत. त्याच्या निम्म्याहून जास्त वीज आपल्या झऱ्यांखाली आहे हे झऱ्यांचं तापमान आणि पाण्यातले क्षार पाहून मांडलेलं अनुमान आहे. खोल विहिरींनी ते तपासलेलं नाही. आणि तो आकडा खरा धरला तरी मे २०२४ मध्ये देशाची विजेची कमाल मागणी २,५०,००० मेगावॉटवर गेली होती. त्यापुढे हे चार टक्के.

म्हणून केनियाचं उदाहरण देताना इथे हात आखडता घेतला पाहिजे. केनिया पूर्व आफ्रिकेच्या खचदरीवर बसला आहे, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स प्रशांत महासागराच्या ज्वालामुखींच्या कड्यावर. तिथे ही ऊर्जा वीजपुरवठ्याचा कणा होऊ शकते. भारतात ती कणा होणार नाही. विकसनशील देश म्हटला की सगळ्यांना एकच औषध लागू पडतं असं समजणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास नाही. आपल्याला ही ऊर्जा काही ठरावीक जागी, ठरावीक कामासाठी हवी आहे, आणि त्या जागांपैकी दोन मला महत्त्वाच्या वाटतात.

एक पुगा. चार हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात उणे वीस-तीस अंश. तिथे डिझेल वाहून नेण्यापेक्षा जमिनीतली उष्णता वापरणं हे स्वस्त-महागाच्या हिशेबापलीकडे शहाणपणाचं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राने लडाखच्या प्रशासनाशी करार केला, सुरुवातीला एक मेगावॉटसाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदताना आतलं पाणी दाबाने वर आलं आणि पुगा ओढ्यात मिसळलं. हा ओढा पुढे सिंधूला मिळतो. लोकांनी हरकत घेतली आणि काम थांबवावं लागलं. ही हरकत विकासविरोधी नव्हती. जमिनीखालचं पाणी आर्सेनिक, बोरॉनसारखी द्रव्यं घेऊन येतं, आणि ते पुन्हा खाली सोडायची सोय आधी न करता विहीर उघडणं ही कामातली चूक आहे.

दुसरी जागा आपल्या दाराशी आहे. पालघरच्या कोकनेरेपासून रत्नागिरीच्या राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात उष्ण झरे आहेत: तानसेच्या काठचे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, महाडजवळचं सव, संगमेश्वरकडचे तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे. याच पट्ट्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि पुन्हा वर येतं. वर येताना ते थंड पाण्यात मिसळतं, त्यामुळे खाली तापमान याहून जास्त असणार. पाण्यातल्या सिलिकावरून ते १००-१२० अंशांपर्यंत असावं असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. यावर फार मोठी वीज होणार नाही. पण सगळ्याच उष्णतेची वीज करायचा अट्टहास का? दूध पाश्चराइझ करायला ७२ अंश पंधरा सेकंद पुरतात. मासळी, आंबापोळी, कोकम वाळवायला साठ-सत्तर अंश खूप झाले. केनियात मेनेंगाईला अशा उष्णतेवर दूध तापवण्याचे आणि हरितगृहाचे प्रयोग झाले आहेत. आइसलंडमध्ये कॉडची डोकी वाळवून निर्यात होतात. कोकणातल्या बाईने पावसाळ्याआधी अंगणात सुकत घालावं आणि वळवाची सर आली की धावत जाऊन ते उचलावं. तिच्या गावापासून चार किलोमीटरवर वर्षाचे बारा महिने गरम पाणी वाया जातंय हे मला खटकतं. उष्णतेची आधी वीज करायची आणि मग त्या विजेने पुन्हा वस्तू तापवायच्या यात नव्वद टक्के उष्णता वाटेतच जाते.

फक्त कोकणाकडे जाताना एक भान हवं. एन्रॉन, जैतापूर, बारसू या प्रकल्पांच्या वादांतून गेलेल्या लोकांसमोर आणखी एक प्रकल्प घेऊन उभं राहायचं आहे. या कुंडांत माणसं श्रद्धेने न्हातात, त्यांच्या काठी देवळं आहेत. शेजारी खोल विहीर घेतली आणि कुंडाचं पाणी आटलं तर तो तोटा कुठल्या ताळेबंदात मांडणार? ओल्कारियालाही मसाई कुटुंबांना उठवून दुसरीकडे वसवलं गेलं आणि त्यांच्या तक्रारी थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत पोचल्या. कुंडाचं पाणी आणि तापमान दोन वर्षं आधी मोजायचं, नोंदी ग्रामपंचायतीत लावायच्या, आणि त्यात घट दिसली तर विहीर बंद करायची, हा करार खोदण्याआधी झाला पाहिजे.

मोजण्याच्या बाबतीत नगर जिल्ह्याकडून देशाने शिकावं असं पुष्कळ आहे. हिवरे बाजारने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात पाऊस मोजला, विहिरींच्या पातळ्या मोजल्या, त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडला आणि सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी केली. खाली काय आहे ते सगळ्या गावाला एकत्र कळलं म्हणून कुणी एकट्याने कर्ज काढून खोदत बसलं नाही. भू-औष्णिक शोधातही नेमकं हेच हवं: छिद्रांतून मिळालेलं तापमान, खडकाचे नमुने, पाण्याचं पृथक्करण सर्वांसाठी खुलं. सरकारी पैशाने घेतलेली विहीर कोरडी गेली तरी तिची नोंद पुढच्या दहा विहिरी वाचवते. शेतकऱ्याची कोरडी बोअर मात्र कुठेच नोंदली जात नाही, म्हणून शेजारच्या वावरात तीच चूक पुन्हा होते.

आता नगरच्या विजेचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो मला सगळ्यांत जवळचा आहे. राहुरी-संगमनेर-अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात रात्रपाळीची लाईट आली की शेतकऱ्याला बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जावं लागतं. उसात बिबट्या असतो, सरीत घोणस असते. दिवसा वीज द्या, ही मागणी या भीतीतून आली आहे. त्याला सौरऊर्जा हे खरं उत्तर आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेची सुरुवात २०१७ मध्ये राळेगणसिद्धीतूनच झाली, आणि दिवसा मोटार चालायला त्याहून साधा उपाय नाही. पारनेरकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरतात, साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात. पण संध्याकाळी सूर्य गेल्यावर घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात, तेव्हा ती मागणी आजही बहुतांश कोळसाच भागवतो. भू-औष्णिक वीज हवी असते ती या वेळेसाठी. ती पुरेशी नसेल तर संध्याकाळचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं.

ते करणारी व्यवस्था याच जिल्ह्याच्या टोकाला आहे आणि जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना ती माहीत आहे. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरला सह्याद्रीच्या धारेवर वरचा जलाशय आहे, आणि खाली शहापूरच्या बाजूला, सुमारे चारशे मीटर खोल, दुसरा. मधल्या कातळाच्या पोटात जमिनीखालचं वीजघर आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. प्रत्येकी १२५ मेगावॉटचे दोन संच, २००८ पासून. पाणी वर चढवताना जेवढी वीज लागते त्याच्या पाऊण हिश्शाच्या आसपास परत मिळते, आणि उरलेला तोटा हा ती साठवण्याचं मोल आहे. हा प्रकल्प आखला तेव्हा रात्रीची जास्तीची कोळशाची वीज साठवायची होती. आता दुपारची जास्तीची सौरवीज साठवायला तो तितकाच उपयोगी आहे. ज्या बेसाल्टमध्ये उष्णता नाही, त्याच बेसाल्टने आपल्याला ही उंची आणि हा कडा दिला आहे. नगरच्या वाट्याची भूगर्भीय संपत्ती ती हीच, असं मी म्हणेन. राज्याने अशा उदंचन प्रकल्पांचे जे नवे करार चालवले आहेत त्यांत घाटघरच्या सतरा-अठरा वर्षांच्या चालण्याचा हिशेब लोकांसमोर ठेवावा.

केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये भू-औष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात शोध, थेट उष्णतेचा वापर, बंद पडलेल्या तेलविहिरींचा पुनर्वापर हे सगळं आलं आहे, आणि याचा मला आनंद आहे. गुजरातेत किंवा आसामात जिथे तेलासाठी विहिरी आधीच खोदून झाल्या आहेत तिथे सर्वांत मोठा खर्च होऊन गेलेला असतो, तेव्हा सुरुवात तिथून करणं रास्तच. पण धोरणाची परीक्षा अर्थसंकल्पात होते. पुग्यात हजार मीटरहून खोल दोन-तीन विहिरी आणि कोकण पट्ट्यात तेवढ्याच, पूर्णपणे सरकारी खर्चाने, फेल जातील हे गृहीत धरून, एवढी तरतूद त्यात हवी. संसदेत कुणी विचारलं की पैसा वाया का गेला, तर मंत्र्याने सरळ सांगावं की शोधाला एवढा खर्च येतो आणि या विहिरींच्या नोंदी इथे सर्वांसाठी ठेवल्या आहेत. त्या खर्चाला नगरच्या खासदार-आमदारांनी पाठिंबा द्यावा, विहीर आपल्या जिल्ह्यात नसली तरी. बोअरच्या गाडीला रात्रभर पैसे मोजलेल्या मतदारांनी त्यांना तिथे पाठवलं आहे.